मी कुठं आहे, हे विमानाला कोण सांगतं?

मावशीला दिल्लीला तिच्या लेकीकडं सोडायचं होतं. पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेत तिचं आयुष्य गेलं. ओझरच्या एचएएल कारखान्यातली मिग आणि पुढं सुखोई विमानं डोक्यावरून जाताना तिनं इतकी वर्षं पाहिली, की त्यांच्या आवाजानं आता बागेतला कुत्राही मान वर करत नाही, असं ती सांगते. स्वतः विमानात बसायची वेळ मात्र ही पहिलीच. आदल्या रात्री ती माझ्याकडं नाशिकला मुक्कामाला होती. दुपारी ओझरच्या विमानतळाकडं निघालो तेव्हा नाशिकमधल्याच द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली फोननं नेहमीचा घोळ घातला. आम्ही खालच्या रस्त्यावर होतो, फोनच्या मते वर पुलावर. सिग्नलला थांबलेल्या गाडीला तो "सरळ जात राहा" म्हणून सांगत होता.

विमानात खिडकीची जागा मावशीला दिली. दारं बंद झाली, पट्टे लागले, पण विमान काही हलेना.

"का रे, हा गडी पत्ता टाकीत असंल का अजून?" मावशी म्हणाली. "आन् तुझ्या फोनसारखं त्याचंबी चुकलं तर?"

पुढच्या सीटवरचा एकजण हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न नेमका होता. वैमानिक खरंच पत्ता टाकतात. दारं लागायच्या बरंच आधी, विमान उभं असताना. आणि चुकतातही. मावशीला तेव्हा अर्धवटच सांगता आलं, पूर्ण उत्तर इथं लिहितो.

पत्ता म्हटलं की आपल्या डोक्यात येतं ते 'कुठं जायचं'. विमानाला त्याआधी दुसरी गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे 'मी आत्ता कुठं उभा आहे'. मोठ्या विमानांत जीपीएस असतंच, पण त्याच्या जोडीला एक जुनी, स्वतंत्र यंत्रणा असते. वळणं-फिरणं मोजणारे जायरोस्कोप आणि वेग-बदल मोजणारे सेन्सर यांच्या जोरावर ती चालते. तिला बाहेरचं काही दिसत नाही, आकाशातून सिग्नलही लागत नाही. डोळे मिटून एसटीत बसलेल्या माणसासारखं तिचं काम चालतं. बस कधी वळली, किती जोरात धावली, कुठं ब्रेक लागला हे अंगाला जाणवतं, त्यावरून तो हिशेब ठेवतो की आता आडगाव आलं असेल, आता ओझर. हिशेब उत्तम जमतो, पण एका अटीवर. आपण नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून बसलो की निमाणी स्टँडवरून, हे सुरुवातीला बरोबर माहीत हवं. ते चुकलं तर पुढचं प्रत्येक वळण अचूक मोजूनही माणूस भलत्याच गावात उतरेल.

म्हणून उड्डाणाआधी त्या यंत्रणेला जागेचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात आणि मग सात-दहा मिनिटं विमान अजिबात हलवायचं नसतं. त्या वेळात जायरो पृथ्वीचं फिरणं पकडतात. तासाला १५ अंश, म्हणजे आपल्याला कधीच न जाणवणारी गती. त्यावरून यंत्रणा खरी उत्तर दिशा स्वतःच शोधून काढते. अक्षांशही ताडून पाहते, कारण विषुववृत्तावर आणि ध्रुवावर हे फिरणं जायरोला वेगवेगळं जाणवतं. वैमानिकानं अक्षांश चुकीचा टाकला तर ती कुरकुर करते.

रेखांशाचं मात्र तसं नाही. एकाच अक्षांशावरच्या सगळ्या गावांत पृथ्वी अगदी सारखी फिरते. आपलं नाशिक २० अंश उत्तरेला. तिकडं आफ्रिकेत, सहारातला नायजर देशाचा उत्तरेकडचा भागही तिथंच. नुसत्या जायरोला नाशिक आणि नायजर यांत फरक कळूच शकत नाही. तिथं माणूस सांगेल ते खरं.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट रेखांशाचीच आहे.

१० मार्च २०१५. सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं एअरएशिया एक्सचं एअरबस ए-३३० विमान. त्या दिवशी दोन वैमानिकांनी कामांची अदलाबदल केली होती. एरवी कॅप्टन खाली उतरून विमानाभोवती फेरी मारून पाहणी करायचा आणि सहवैमानिक कॉकपिटची तयारी करायचा. पण कॅप्टनला कानांवर लावायचं संरक्षक साधन मिळालं नाही, म्हणून सहवैमानिक खाली गेला आणि कॅप्टन आकडे भरायला बसला. विमान उभं असतं त्या जागेचे अक्षांश-रेखांश बाहेर पाटीवर लिहिलेले असतात किंवा नकाशात असतात. तिथला रेखांश होता १५१ अंश ९.८ मिनिटं पूर्व. यंत्रात तो सलग टाकतात: १५१०९.८. टाकला गेला ०१५१९.८.

दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून पाहा. अंक तेच आहेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मधलं शून्य उठून पहिल्या जागी जाऊन बसलंय, एवढंच. पण आता तो रेखांश झाला १५ अंश १९.८ मिनिटं. विमानाच्या एका मेंदूपुरतं विमान सिडनीत नव्हतं, केपटाउनच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात होतं. फरक ११,००० किलोमीटरांहून जास्त.

हा प्रयोग आपण ओझरला करून पाहू. ओझरचा रेखांश साधारण ७३ अंश ५४.८ मिनिटं. यंत्रात तो ०७३५४.८ असा जाईल, कारण अंशांना तीन जागा ठेवलेल्या असतात. आता घाईत पुढं आणखी एक शून्य पडलं आणि शेवटचा अंक गळाला, तर होईल ००७३५.४, म्हणजे ७ अंश ३५.४ मिनिटं. नकाशावर बोट ठेवा. तेच ते नायजरचं वाळवंट, इथून जवळपास ६,९०० किलोमीटर. विमान उभं मात्र पिंपळगावच्या बागांशेजारी.

सिडनीला पुढं जे झालं ते मला चुकीच्या आकड्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्रणा गप्प बसली नव्हती. निघायच्या आधी कॉकपिटमध्ये इशाऱ्याचे आवाज झाले, पडद्यावर संदेश आले. चूक पकडायच्या संधी एकापेक्षा जास्त वेळा आल्या, असं ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोनं नंतर अहवालात लिहिलं. प्रत्येक वेळी ती खूण निसटली. गाडीच्या डॅशबोर्डवर दिवा लागला की आपण काय करतो? "सेन्सर खराब असेल" म्हणतो आणि गिअर टाकतो.

विमान उडालं. ४१० फुटांवर ऑटोपायलट लावला आणि विमान डावीकडं वळू लागलं. सिडनीला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. हे विमान उजवीकडच्या पट्टीवरून निघालं होतं, म्हणजे डावीकडं वळणं म्हणजे शेजारच्या पट्टीवरून सुटणाऱ्या विमानांच्या वाटेत शिरणं.

इथं सुटायच्या वाटेबद्दल थोडं सांगायला हवं. विमान हवेत गेलं की आभाळ मोकळं, जिकडं हवं तिकडं जावं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. प्रत्येक मोठ्या विमानतळाच्या प्रत्येक धावपट्टीला बाहेर पडायच्या ठरलेल्या वाटा असतात. अमुक उंचीपर्यंत सरळ, मग डावीकडं, अमुक खुणेवरून तमुक उंचीच्या वर. एका बाजूला डोंगर असतो, दुसऱ्या बाजूनं उतरणारी विमानं येत असतात, कुठं लष्कराची हद्द असते, म्हणून ही आखणी. या वाटांना नावं असतात. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरवरून नाव सांगतात, वैमानिक ते पुन्हा म्हणून दाखवतो आणि कॉम्प्युटरात निवडतो. आपल्याकडं मुंबईहून नाशिकला येताना पाथर्डी फाट्यानंतर चुकून पुलाचा रॅम्प धरला की मनात नसताना पुलावरूनच पुढं जावं लागतं, तसं इथं होतं. निवड एका क्षणात होते, फळ पुढचे कित्येक किलोमीटर भोगायचं.

टॉवरनं सिडनीच्या त्या वैमानिकांना टोकलं. तोवर कॉकपिटमधले पडदे गोंधळले होते. वैमानिकांनी हवेतच यंत्रणा ताळ्यावर आणायची खटपट केली, त्यात आणखी काही उपकरणं हातची गेली. सिडनीला परतावं तर तिथं ढग खाली आलेले, आणि ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उतरण्याइतकं विमान आता शहाणं राहिलं नव्हतं. शेवटी मेलबर्नचं आभाळ मोकळं होतं, तिकडं जाऊन डोळ्यांनी बघून उतरले. कुणालाही इजा झाली नाही. विमानाच्या प्रणालीची सुधारित आवृत्ती बसवलेली असती तर तिनं ही चूक तिथल्या तिथं रोखली असती, असंही अहवालात आहे.

बातम्यांत अशा वेळी 'पायलटची चूक' एवढे दोन शब्द येतात आणि विषय संपतो. मला ते फार आळशी वाटतं. आकडा चुकवणारा कुठलाही माणूस असू शकतो. बँकेत आयएफएससी टाकताना मी स्वतः तीनदा तपासतो आणि तरी एकदा चुकलोय. चूक होणार हे धरूनच कामाची घडी बसवलेली असते. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं स्वतंत्रपणे, पाटीकडं बघून, पुन्हा वाचायचं. त्या दिवशी कामांची अदलाबदल झाली आणि ती घडी थोडी विस्कटली.

आता दुसरा प्रकार. यात कॉम्प्युटरात आकडा बरोबर असतो, पण विमान चुकीच्या रस्त्यावर उभं असतं.

धावपट्टीवर रंगवलेले मोठाले अंक म्हणजे होकायंत्राचे अंश, साधारण दहाच्या पटीत धरलेले. शेवटचं शून्य काढून टाकलेलं असतं. पट्टी पूर्वेला तोंड करून असेल तर ९० अंश, म्हणून ०९. त्याच पट्टीवर उलट्या टोकाहून निघालात तर तोंड पश्चिमेला, २७० अंश, म्हणून २७. ओझरची पट्टी अशीच पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे धावपट्टीचं नाव हीच एक तपासणी झाली. टॉवरनं २७ सांगितलं आणि होकायंत्र ९० दाखवतंय, तर काहीतरी जबरदस्त चुकलंय.

अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टन नावाचं शहर आहे. २७ ऑगस्ट २००६ ला पहाटे सहाच्या सुमारास, उजाडायच्या आधी, कॉमएअरचं पन्नास जणांचं छोटं जेट तिथून निघालं. टॉवरनं सांगितलं होतं, पट्टी २२. लांबी ७,००३ फूट. तिच्या टोकाकडं जाताना वाटेत दुसरी पट्टी ओलांडावी लागायची, २६ क्रमांकाची. ती निम्मीच, ३,५०० फुटांची, आणि तिच्यावर दिवे नव्हते. विमानतळावर डांबरीकरण चालू होतं, पट्टीकडं जायच्या रस्त्यांची, म्हणजे टॅक्सी-वेची, रचना नुकतीच बदललेली. टॉवरमध्ये एकच माणूस, आणि परवानगी दिल्यावर तो दुसऱ्या कामाकडं वळला. सकाळची सुरुवातही विचित्र होती. वैमानिक आधी चुकून दुसऱ्याच विमानात जाऊन बसले होते. मग विमान पट्टीकडं नेताना दोघं कामाबाहेरच्या गप्पा मारत होते. नियमानं त्या वेळात ते बोलणं बंद असायला हवं.

ते २६ वर वळले आणि त्यांना वाटलं, हीच २२.

त्यांच्या समोरच्या उपकरणावर खूण लावून ठेवलेली होती २२७ अंशांवर, ठरलेल्या पट्टीच्या दिशेला. विमानाचं नाक होतं २६६ अंशांच्या आसपास. दोन काट्यांत जवळपास चाळीस अंशांचं अंतर, डोळ्यांसमोर. घड्याळाच्या तबकडीवर चाळीस अंश म्हणजे सव्वा घरापेक्षा जास्त. धावताना सहवैमानिक म्हणाला, दिवे नाहीत, विचित्र वाटतंय. कॅप्टननं हो म्हटलं. विमान धावतच राहिलं. पट्टी संपली. ५० पैकी ४९ माणसं गेली, वाचला तो एकटा सहवैमानिक.

मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जायचे. चकवा लागला की काय करायचं, हे त्यांनी तिला शिकवलं होतं. रोजच्या बांधावरून चालताना बाभूळ दिसायची तिथं दिसली नाही, विहीर उजवीकडं हवी ती डावीकडं आली, की पाय उचलायचा नाही. तिथंच बसायचं, तंबाखू मळायची. डोकं ठिकाणावर आलं की मग उठायचं. भूतबाधेवर त्यांचा किती विश्वास होता माहीत नाही, पण उपाय बिनचूक होता. "विचित्र वाटतंय" हे शब्द तोंडातून निघाले, म्हणजे मेंदूनं फरक पकडलेला असतो. उरतं फक्त थांबणं. लेक्सिंग्टनला विमान अजून जमिनीवरच होतं, तेव्हा थांबणं म्हणजे ब्रेक.

होकायंत्र मात्र नेहमीच तारेल असंही नाही. ३१ ऑक्टोबर २००० ला तैपेईत वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं जम्बो चुकीच्या पट्टीवरून सुटलं. तिथं दोन समांतर पट्ट्या, दोन्हींचा क्रमांक ०५, एक डावी, एक उजवी. दिशा तीच, म्हणून काटा बरोबरच दाखवणार. उजवी पट्टी बांधकामासाठी बंद होती, तिच्यावर यंत्रसामग्री उभी होती. १७९ पैकी ८३ जण गेले. जुळ्या पट्ट्या असतात तिथं दिवे, पाट्या, वळणं मोजणं, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तिसरा प्रकार सगळ्यांत गुपचूप चालतो. पट्टी बरोबर, आकडे बरोबर, चुकतं ते एक बटण. ३१ ऑगस्ट १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान अलास्कातल्या अँकरेजहून सोलकडं निघालं. सुटल्यावर काही मिनिटांतच त्याला एक ठरावीक दिशा पकडायला लावलं होतं, सुमारे २४५ अंश. त्यानंतर ऑटोपायलटचा खटका फिरवून त्याला आखलेल्या मार्गाच्या हवाली करायचं असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालानुसार तसं झालंच नाही. एक तर खटका फिरवला गेला नाही, किंवा फिरवला तेव्हा विमान मार्गापासून इतकं लांब होतं की यंत्रणेनं मार्ग पकडलाच नाही. साडेसात सागरी मैलांच्या आत असेल तरच ती मार्गाला चिकटायची. बाहेर असाल तर खटका फिरलेला दिसतो, विमान मात्र जुन्याच दिशेनं जात राहतं. आपण लिफ्टचं बटण दाबतो, दिवा लागतो, आणि लिफ्ट येतच नाही, तसं.

सुरुवातीचा फरक अगदी किरकोळ होता. वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे: दिशा एका अंशानं चुकली तर साठ किलोमीटरला एक किलोमीटर सरकता. ओझर ते दिल्ली सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे एका अंशाला सोळा-सतरा किलोमीटर. अलास्का ते सोल त्याच्या कितीतरी पट. पाच तासांहून जास्त वेळ ते विमान हळूहळू उत्तरेकडं सरकत राहिलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि त्यांच्या लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ जण. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेनं जाहीर केलं की लष्करासाठी उभारली जाणारी जीपीएस यंत्रणा नागरी वापरालाही खुली होईल. आपल्या फोनमधला, द्वारकेला चुकणारा तो निळा ठिपका त्याच यंत्रणेवर चालतो.

मग आता हे सगळं टाळायला काय करतात? फार मोठं काही नाही. एक पायलट विमान चालवतो, दुसऱ्याचं काम त्याच्यावर नजर ठेवणं. कॉम्प्युटरातली सुटायची वाट कागदी किंवा टॅबवरच्या नकाशाशी खूण न खूण ताडतात. पट्टीवर शिरताना तिचा क्रमांक मोठ्यानं वाचतात, होकायंत्राशी जुळवतात, मगच जोर देतात. बटण दाबल्यावर बटणाकडं नाही, पडद्यावर विमान आता नक्की कशाच्या हुकमात आहे हे जिथं लिहून येतं, तिथं बघतात. सगळ्याच्या मुळाशी एकच युक्ती आहे. ज्यानं उत्तर दिलं त्यालाच पुन्हा विचारायचं नाही, त्याच्याशी ज्याचा संबंध नाही अशा कुणाला तरी विचारायचं. कॉम्प्युटरला होकायंत्राशी, होकायंत्राला रंगवलेल्या आकड्याशी, आकड्याला खिडकीबाहेरच्या दुनियेशी.

यातला जेमतेम चौथा हिस्सा मावशीला सांगून झाला असेल, तेवढ्यात विमान हललं. रांगत रांगत पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, उभं राहिलं. नुकताच पावसाळा संपलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. मावशी डाव्या हाताच्या खिडकीला कपाळ टेकवून बसली होती. माझं व्याख्यान ती ऐकत होती की नाही, देव जाणे.

इंजिनांचा आवाज वाढला, पाठ सीटला चिकटली. चाकं सुटली तशी मावशीनं पदर डोक्यावर घेतला आणि खिडकीबाहेर बघत हात जोडले. तिकडं उत्तरेला, पार लांब, वणीचा सप्तशृंगीचा डोंगर निळसर दिसत होता.

"गड डाव्या हाताला हाये," ती म्हणाली. "म्हंजी तोंड उगवतीला. कोणता आकडा म्हनला होता तू, नऊ ना?"